साहेबांचं दहावं पत्र

"थांबा. हे मी बोललो?" वकीलसाहेबांनी हात वर केला.

टायपिस्टबाई वाचता वाचता थांबल्या. एरवी टाइप झालेला कागद साहेब स्वतःच नजरेखालून घालत. हल्ली डोळ्यांना धड दिसेना, म्हणून आज पहिल्यांदाच त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं होतं.

"शब्द तुमचेच आहेत साहेब. मी फक्त पूर्ण केलेत. तुम्ही 'डोन्ट' म्हणालात, मी 'डू नॉट' लिहिलं. पत्रात तसंच लिहितात ना."

"असेल बुवा. मला आपलं नोटीस ऐकल्यासारखं वाटलं. संध्याकाळी सही करतो." साहेब काठी टेकत डॉक्टरांकडे गेले.

बाई मात्र खुर्चीला खिळल्या. टायपिंगच्या क्लासात मास्तरांनी दम भरला होता, की बोलताना शब्द कितीही गिळा, कागदावर सबंध उतरले पाहिजेत. सव्वीस वर्षांत ते बोटांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की साहेबांच्या तोंडून अर्धा शब्द निघायचा आणि कागदावर अख्खा उमटायचा. नोटिसांना ते शोभायचंही.

पण हे पत्र साहेबांच्या लेकीला होतं. ती वसतिगृहात वाढलेली, बापलेकीचं सगळं बोलणं इंग्रजीतच. लग्नावरून बिनसलं, ती दूरदेशी निघून गेली आणि बापाचा फोन उचलेनाशी झाली. साहेबांचा हात थरथरायचा, म्हणून ते पत्रं सांगायचे आणि बाई टाइप करायच्या. चार वर्षांत नऊ पत्रं गेली. उत्तर एकाचंही नाही.

बाईंनी फाइल काढली आणि नऊही प्रती वाचल्या. 'आय डू नॉट ब्लेम यू.' 'यू आर स्टिल माय डॉटर.' अरे देवा! बाप लेकीशी बोलतोय की भाडेकरूला घर खाली करायला सांगतोय? बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या भाचीला फोन लावला.

"मावशी, तू 'डोन्ट' लिहिणार? माझ्या निबंधांतले सगळे तूच खोडायचीस की गं!"

"चेष्टा पुरे. ती वरची खूण कुठे द्यायची ते सांग."

"जिथलं अक्षर गाळशील तिथे. पण सरसकट नको हं. माणूस जिथे जोर देऊन बोलतो, तिथे शब्द सबंधच राहू दे."

बाईंनी नवा कागद चढवला, डोळे मिटले आणि सकाळचा साहेबांचा आवाज आठवला. 'आयम ओल्ड. आय कान्ट सी वेल. इट्स ऑल राइट इफ यू डोन्ट कम.' मग साहेब एकेक शब्द सुटा करून म्हणाले होते, 'आय अ‍ॅम सॉरी.' ते बाईंनी तसंच ठेवलं.

"पुन्हा टाइप केलंय," संध्याकाळी त्या म्हणाल्या. साहेबांनी न विचारता सही केली.

तीन आठवड्यांनी ऑफिसात फोन वाजला. साहेबांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा करून ठेवलेला असे. लेकीचं इंग्रजी बोलणं खोलीभर ऐकू आलं.

"बाबा, हे पत्र तुम्ही स्वतः लिहिलंत ना? मला तुमचा आवाज ऐकू आला. आधीची सगळी त्या टायपिस्टकडून लिहून घेतलेली. मी दोन ओळींपुढे वाचलीच नाहीत."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, हो म्हणा.

"हो गं, मीच लिहिलं," साहेब म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं.

बाई उठल्या, दार ओढून घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. आत बापलेक तासभर बोलत होती. चार वर्षं, चार वर्षं, एवढंच बाईंच्या मनात येत राहिलं. मध्ये एक अशील आला.

"साहेब कामात आहेत," बाई म्हणाल्या आणि त्याला बसायला जागा करून दिली.