आवाहनाआधी विसर्जन

ज्येष्ठातच मी गौरी विसर्जनाचा व्हिडिओ काढून ठेवला, त्यामुळे त्या वर्षी आमच्या गौरी येण्याआधीच निघून गेल्या. यात तसं नवल नव्हतं. माझ्या घरात एखादी गोष्ट पूर्ण चित्रित झाली की ती संपते, पुन्हा घडत नाही. फक्त आजवर त्याचा मला फायदाच झाला होता.

कराडात माझं गौरीच्या साजाचं दुकान आहे. खाली दुकान, मागे आणि वर घर. मुखवटे, हात, लोखंडी स्टँड, शिवलेल्या साड्या, मोत्यांचे दागिने, सगळं एका छताखाली मिळतं. गल्लीतलं गिऱ्हाईक कमी झालं तसा मी व्हिडिओंकडे वळलो. पुण्याला एका दिवसाच्या शिबिरालाही जाऊन आलो. तिथल्या बाईंनी सांगितलं की रोज उठून व्हिडिओ करत बसू नका. वर्षभराचे ठरवून घ्या, एका जागेचे सगळे एका दमात काढा, क्रम नंतर लावा. मला हे फार पटलं. एकट्या माणसाला वेळ पुष्कळ असतो, पण तो वाया गेलेला त्याला बघवत नाही.

आधी मी दुकान उघडतानाचे सगळे व्हिडिओ एका सकाळी काढले. शर्ट बदलायचा, शटर वर करायचं, अगरबत्ती लावायची, हसायचं, की पुढचा शर्ट. तेव्हापासून मला दुकान उघडावं लागत नाही. मी खाली उतरतो तेव्हा शटर वर गेलेलं असतं आणि अगरबत्तीची राख पडलेली असते. मग संक्रांतीचा काढला. त्या वर्षी गल्लीत सगळीकडे संक्रांत आली, माझ्याकडे भोगीनंतर एकदम किंक्रांत आली. तिळगूळ द्यायला कोणी आलं नाही, याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण व्हिडिओ चांगला चालला आणि नागपूरहून हळदीकुंकवाच्या वाणासाठी मोठी मागणी आली.

गौरीचे तीन व्हिडिओ करायचे होते. आवाहन, जेवण, विसर्जन. येवल्याहून साड्या यायच्या होत्या, त्या आल्या नव्हत्या. विसर्जनाला साडी विस्कटलेली असली तरी चालते, नुसते मुखवटे हलवायचे असतात. म्हणून ते आधी उरकलं. दुकानातले मुखवटे दिव्याखाली फार चकाकत होते, तेव्हा घरचे घेतले, आईच्या वेळचे पितळी. मीच हळदकुंकू वाहिलं, मीच दहीभाताची शिदोरी दिली, मीच निरोप दिला. नंतर व्हिडिओ लांबला असं वाटलं, म्हणून शेवटचं 'पुन्हा या' कापून टाकलं.

आमच्याकडे गौरी दारातून आत आणायला सुवासिनी लागते. घरात बाईमाणूस नाही. आई गेल्यापासून माझी धाकटी बहीण कुंदा त्यासाठी निपाणीहून येते. गौरीबरोबर येते, गौरी गेल्या की जाते. वर्षातले तेवढेच दिवस या घरात कोणीतरी मला 'अण्णा' म्हणतं, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून सांगतं, झोपेतून उठवतं. बाकी वर्षभर मी मोबाइलशी बोलतो, आणि त्याच्याशी फक्त विक्रीचं बोलता येतं.

श्रावणात तिचा फोन आला.

"बरं अण्णा, ठेवते मग. जेवत जा येळेवर," ती म्हणाली. फोन उचलल्यावरचं हे तिचं पहिलंच वाक्य होतं.

"अगं, अजून बोललीस कुठे?"

"पोचले की फोन करते."

"कुठे पोचलीस की?"

"निपाणीला."

"तू निपाणीतच आहेस ना?"

"व्हय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग माझ्या ध्यानात आलं. निघून गेल्या त्या नुसत्या गौरी नव्हत्या. मी विसर्जनाचा व्हिडिओ पुसून टाकला. व्हिडिओ गेला, विसर्जन झालेलं ते झालेलंच राहिलं.

आवाहनाच्या दिवशी मी दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढली. बोळातून कुंदा येताना दिसली. ती पाठमोरी येत होती. एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातावर दही ठेवलेलं होतं. शेजारच्या कांबळेवहिनींनी तिला "निघालीस होय गं?" असं विचारलं आणि तिने मान हलवली. उंबऱ्याशी येऊन ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मी काढलेल्या पावलांची बोटंही तिकडेच वळली.

"कुंदा, आत ये."

"निघते रं अण्णा. एस्टी चुकंल."

"आलीसच कुठे अजून? चहा तरी घे."

"झाला की चहा. लई गोड केलावतास." तिने पदराने डोळे पुसले. "दरसाल निघताना असंच होतंय बघ मला."

"वळून बघ तरी माझ्याकडे."

"निघाल्यावर वळून बघू नये," ती म्हणाली.

मी तिचा दंड धरला आणि तिला आत ओढलं. ती आली तेवढं घर मागे सरकलं. दोन पावलं आत घेतली तरी उंबरा तिच्या पायाखालीच होता आणि देवघर बोळाच्या दुसऱ्या टोकासारखं लांब गेलं होतं. मी हात सोडला. तिच्या दंडावर माझी बोटं उमटली होती. मला रडू यायला लागलं, पण रडलो असतो तर तिची पाठवणी आणखी नीट झाली असती.

आवाहनाचा व्हिडिओ अजून काढायचा राहिला होता. तो काढला तर कुंदा येणार, हे मला कळत होतं. पण मग येणंही संपणार. आज ती घरात पाऊल टाकेल, आणि पुढच्या वर्षी काय, त्याच्या पुढच्या वर्षी काय, या दारात कोणी यायचं उरणार नाही. नाही काढला तर ती आत्ताच जाणार. वर्षाचं नियोजन करायला मला शिकवलं होतं. एवढ्याचं कोणी शिकवलं नव्हतं.

कुंदाने एक पाय पायरीवरून खाली टाकला.

मी मोबाइल पडदा दाराकडे करून स्टँडवर बसवला आणि चित्रीकरण सुरू केलं.

ती वळली. हातावरचं दही नव्हतं, त्याऐवजी ताम्हनात दोन पितळी मुखवटे होते, खणाने झाकलेले. चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि ती हसत होती. दर वर्षी येताना हसते तशीच.

"काय रं, वाळलास किती," ती म्हणाली. "आणि हे काय, दारातच मोबाइल? तुझं येड काय जात न्हाई."

"बोलू नकोस. विचारतो ते सांग." मी मोबाइलच्या मागे उभा राहून मोठ्याने विचारलं, "गौरी आली?"

"आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली." मग तिने आवाज खाली आणला. "अण्णा, पाय कोण धुणार? तशीच येऊ व्हय आत? आई असती तर आत्तापर्यंत तांब्या घेऊन उभी असती."

हे मी ठरवताना धरलंच नव्हतं. माझे सगळे व्हिडिओ एका माणसाचे असतात. मी मोबाइलच्या मागे तरी असतो, नाहीतर पुढे. मी तांब्या भरला. चित्रात शिरलो की मीही त्यातच संपणार, असा विचार येऊन गेला. पण ती उंबऱ्यावर थांबली होती, पाय पुढे करून, बोटांना एस्टीतली धूळ लागली होती. मी मोबाइलला वळसा घालून तिच्यापाशी गेलो. अंतर चार हातांचं होतं. चालायला बराच वेळ लागला. वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं, तेव्हा छोट्या पडद्यावर माझी पाठ दिसली. ती पाठ वळत नव्हती.

मी खाली बसलो आणि तिच्या पायांवर पाणी सोडलं.

"गार आहे," ती म्हणाली आणि हसली. मग बोलत सुटली. यंदा तिच्याकडे भोपळ्याचा वेल नुसता पसरला, फळ एक नाही. गुडघे धरतात, जिना चढवत नाही. धाकट्या जाऊबाईंनी परसात कोंबड्या पाळल्यात आणि त्या तुळशीची माती उकरतात. मी विचारत राहिलो. कोंबड्या किती? रंग कुठला? गुडघ्याला काय लावतेस? तिला वाटत असावं, अण्णाला आज एवढं बोलायला कुठून सुचतंय. मला फक्त धार चालू ठेवायची होती. पाय धुऊन होत नाहीत तोवर आवाहन पूर्ण होत नव्हतं.

आत घर पुन्हा पूर्वीएवढं झालं होतं. देवघर हाताच्या अंतरावर दिसत होतं आणि रांगोळीची बोटं तिकडे वळली होती. तिने उजवा पाय उचलला.

"थांब, टाच राहिली," मी म्हणालो.

तिने पाय खाली ठेवला. तांब्या हलका लागत होता.

"अण्णा," तिने मोबाइलकडे पाहत विचारलं, "झालं का रं काढून?"

मी धार आणखी बारीक केली.