बिनदगडाचा फटका

मी एक जुनी गोफण आहे मित्रांनो, पण बिचारी म्हणून माझ्याकडे पाहू नका. जैनथकडच्या एका गावात कुसुमबाईच्या घरी मी खुंटीवर असते. तिच्या सासूने, प्रयागबाईने, मला अंबाडीच्या दोरीने विणलं. मधे दगडासाठी झोळी, एका टोकाला बोटात घालायचा फासा, दुसऱ्या टोकाला तागाचा गोंडा. गोंडा सुटला की बंदुकीसारखा आवाज होतो. ज्वारीवर पोपट आले की प्रयागबाई मचाणावरून मला गरगर फिरवायची. पोपट मरत नसे, पळत असे. तेवढंच माझं काम.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. त्याच्या बाजूने रझाकार बंदुका घेऊन फिरत. सगळ्यांनी एकालाच मान झुकवावी, तोंड उघडेल त्याला मारावं, असा त्यांचा कायदा. घरातली ज्वारीही उचलून नेत. लाल बावट्याची माणसं येऊन सांगत, दाणा देऊ नका, एकजूट करा. सांगायला काय लागतं? बंदुकीपुढे एकजूट करायची कशी, हे बायांनी ठरवलं. रझाकार दिसले की मचाणावरच्या बाईने गोफण रिकामीच फोडायची. दगड नाही, नुसता आवाज. पुढच्या वावरातल्या बाईने तो पुढे द्यायचा.

एका सकाळी पहिला फटका शेजारच्या हमीदाबीच्या वावरातून आला. प्रयागबाईने तो माझ्याकडून गावाला दिला. लोकांनी ज्वारीच्या पेवांवर, म्हणजे जमिनीतल्या कोठारांवर, माती लोटली आणि वर म्हशी बांधल्या. आलेले रझाकार शिव्या देऊन रिकाम्या हाताने गेले. त्या वर्षी गाव जेवलं.

पुढे ते राज्य गेलं. ज्वारीही गेली, कापूस-सोयाबीन आलं. मी खुंटीवर गेले. उंदरांनी गोंडा कुरतडला, तेवढा कुसुमबाईने नवा बांधला.

यंदा सप्टेंबरात तिचा पुतण्या गोपाल आला.

“काकू, निजामाचं राज्य गेलं त्या दिवसाची सभा हाय. गोफन दे. आमचे साहेब भाषनात सांगतीन, हिनं त्याइचे डोके फोडले.”

“कोनाचे रे?”

गोपालने हनुवटीने हमीदाबीच्या घराकडे दाखवलं.

“त्या घरच्या बुढीनं पयला फटका देला, म्हनून तुया बाप उपाशी मेला नाई. पाळन्यात व्हता तवा. साहेब हे सांगन काय?”

“एवढं कोन आयकते, काकू. डोकं फोडलं म्हटलं का टाळ्या पडतेत.”

“बरं. आंगनात चाल. फोडून दाखव.”

गोपालने मला फिरवलं. मी त्याच्याच गळ्याला वेढा घातला आणि गोंडा कानाखाली बसला. मुद्दाम केलं नाही. वाईटही वाटलं नाही.

“हेच डोकं व्हय काय?” कुसुमबाई म्हणाली आणि मला काढून घेतलं.

तो रागाने निघून गेला. दुसऱ्या दिवशी कुसुमबाईने आपल्या नातीला, अर्पिताला, वावरात नेऊन फिरवायला शिकवलं. बऱ्याच वेळाने फटका फुटला. पोरगी कान देऊन उभी राहिली.

“आजी, तिकून फटका काऊन नाई येत?”

“तिकडं कोनापाशी गोफनच नाई आता.”

आज ओट्यावर अंबाडी भिजलेली आहे. हमीदाबीची पणती शबाना एक टोक धरून बसली आहे, अर्पिता पीळ देते आहे.

“तानून धरा. शेवया व्हय काय त्या?” कुसुमबाई दोघींवर ओरडते.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर काचेत ठेवू नका, सभेत तर नाहीच. शेजारच्या वावरात माझी एक जोडीदारीण असू द्या. मी आवाज दिला, तर तिकडून तो यायला पाहिजे.