जमनाबाईचा धीर

देवसिंग नायक अंगणात येऊन म्हणाला, "जया, तुह्या सासूचा सत्कार ठेवला दिग्रसले," तवा मी भांडे घासून राह्यली होती. हातातलं पातेलं आपटलंच मी.

"कायचा सत्कार?"

"धीराचा."

नायक म्हणजे आमच्या बंजारा तांड्याचा मुखिया. त्याच्या तोंडावर बोलाले लोक भेतात. मी नाई भेत. म्हनलं, "नायक, ते बाई चार महिन्यांपासून धड जेवत नाई. सत्कार कायले करता? तिले दोन घास खायले लावा."

"अवं, शाल भेटते," नायक म्हणाला. घ्या! उपाशी माणसाले शाल.

सांगते पहिल्यापासून. माझा नवरा बादल दिवाळीच्या तोंडावर गेला. दिग्रसच्या रस्त्यावर कापसाची ट्रॉली उभी होती, मागं लाईट ना काही, अन् ह्याची गाडी जाऊन भिडली. तवापासून त्याची माय, जमनाबाई, तिच्या डोळ्यातून एक टिपूस नाई. लोकांले लय कौतुक. कोणी बी याव, चहा प्याव अन् म्हनाव, "काय धीराची बाई आहे बाप्पा!"

धीर कायचा आलाय! खरी गोष्ट वेगळी होती अन् ते साऱ्या तांड्याले माहीत होती. पण बोलून कोण दाखवन?

आमच्या तांड्यात रडणं म्हणजे नुसतं डोळे पुसणं नसते. बाहेरून येणारी बाई घरातलीच्या गळ्यात पडते अन् दोघी सुरात रडतात. गेलेल्या माणसाचा सारा हिशोब त्या रडण्यात निघते, तो कसा होता, काय म्हणे, काय राहून गेलं त्याचं. मंग बाकीच्या बाया साथ देतात. पण सुरुवात कोणालेबी जमत नाई. सुरुवात करावी तर आमच्या जमनाबाईनंच. पार महागावच्या तांड्याहून तिले बोलावणं येत जाय. लग्नाच्या पोरीले सासरी जाताना कसं रडायचं, ते बी तीच शिकवे. तिनं सूर धरला का नवरदेवाकडचे मामे-काके बी नाक पुसत.

आता पोरगं तिचंच गेलं. अंगणात बाया जमल्या, बसल्या, अन् साऱ्या तिच्याच तोंडाकडं पाहाले लागल्या का ही सुरुवात कवा करते. शेजारच्या बसंतीबाईनं एकदा तोंड उघडलं अन् मिटून घेतलं. जमनाबाईसमोर सूर धराची कोणाची छाती? अन् जमनाबाई बसलेली, कोणीतरी येऊन आपला गळा धरन म्हणून. संध्याकाळ झाली, चहा झाला, बाया आपापल्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. मंग कोण्या एकीच्या तोंडून "धीर" हा शब्द निघाला अन् साऱ्याची सुटका झाली.

माझी माय आलती, मी तिच्या गळ्यात पडून मोकळी झाली. सासूले बी मी धराले गेली. तिनं माझा हात बाजूले केला. म्हणते, "दूध उतू जाईन, पाह्य तिकडं."

मंग ते वाळाले लागली. आधी भाकर अर्धी झाली, मंग चतकोर, मंग नुसता चहा. दिग्रसच्या डॉक्टरनं तपासलं, काहीच निघालं नाई, टॉनिक देलं. टॉनिक काय करन, डोंबल! मले लय भेव वाटे. सकाळी उठून आधी तिचा श्वास पाहत जाओ मी. नवरा गेला, ही बी चालली, तं त्या घरात मी कोणाशी भांडू? अन् लोक मात्र मलेच सांगत, "सासूकडून शिक काही."

तं गेलो सत्काराले. नायक पुढं, आम्ही दोघी मागं, अन् जेवण आहे म्हणून बसंतीबाई अन् पाच-सहा बाया जीपमधी कोंबलेल्या. एका महिला मंडळानं हॉल घेतलता. नागपूरहून सुरभी मॅडम आलत्या, अंतर्मनाच्या ताकदीवर बोलाले. बाई चांगली होती, खोटं कायले बोलू. पण बोलत काय होती! "अश्रू म्हणजे पाणी. त्याला धरण बांधा आणि त्यातून वीज निर्माण करा." आमच्या तांड्यावर धरणाचं पाणी बी येत नाई अन् वीज बी येत नाई. तरी टाळ्या वाजवल्या आम्ही. जेवण बाकी होतं.

मंग जमनाबाईले वर बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "या माऊलीकडे पाहा. एकुलता एक मुलगा गेला, पण डोळ्यात पाणी नाही!" साऱ्या हॉलनं माझ्या सासूच्या कोरड्या डोळ्याकडं पाह्यलं. ते उभी, काडीसारखी. शाल टाकली तं शालच जड झाली तिले. मले असं वाटे का उठाव अन् साऱ्याईले झाडूनं हाकलाव.

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, थोडं जवळ या." मॅडम जवळ आल्या, अन् मायेनं म्हणा का फोटोसाठी म्हणा, त्याईनं दोन्ही हात जमनाबाईच्या गळ्यात टाकले अन् खांद्यावर डोकं टेकवलं.

झालं! बाहेरून आलेल्या बाईनं गळा धरला.

मॅडमनं फोटो झाल्यावर सुटाले पाह्यलं. कशाची सुटते! जमनाबाईचे हात मागून बंद झालते. अन् मंग तो सूर निघाला. चार महिने छातीत दाबून ठेवलेला. "मार बादल रे..."

मार म्हणजे आमच्या बोलीत माझा.

"हेल्मेट घाल म्हनलं रे, केस बिघडतात म्हनला... येतो म्हनला, अर्धी भाकर ठेव म्हनला... मी ठेवली रे राजा, फडक्यात बांधून ठेवली... आता माह्या तोंडात घास कसा जाईन रे, तुह्या वाटची भाकर पडली आहे..."

मंडळाच्या अध्यक्षीणबाईनं माईक बंद कराची खूण केली. केला बंद. जमनाबाईले कवा माईक लागला? बसंतीबाई ताडकन उठली, स्टेजवर चढली अन् साथ धरली. तिच्यामागं बाकीच्या. मधात मॅडम, चष्मा वाकडा झालेला, जमनाबाईची पाठ थोपटत "धीर धरा, धीर धरा" म्हणत होत्या. अन् मंग त्या बी रडाले लागल्या, हुंदके देऊन. कोणासाठी, ते मी इचारलं नाई.

अध्यक्षीणबाईनं जाहीर केलं का तांत्रिक कारणानं कार्यक्रम संपला. जेवण बी तांत्रिक कारणानं गेलं.

बसस्टँडवर जीपची वाट पाहत बसलो, तं नायक एकसारखा बडबडून राह्यलता. "तांड्याचं नाक कापलं. धीराचा सत्कार अन् तिथंच भोकाड पसरलं! आता पुढच्या साली आपल्याले कोणी बोलावन?"

जमनाबाईनं शालीच्या टोकानं नाक पुसलं. म्हणते, "जया, भूक लागली मले."

मी पयतच गेली. दोन आलुबोंडे आनले गरम. ते खाऊन राह्यली होती अन् मी पाहून राह्यली होती. पह्यला संपला. दुसरा बी संपला. वरतून तळलेली मिर्ची खाल्ली. मंग म्हणते, "अजून एक सांग, अन् त्याले म्हण मीठ कमी आहे."

मीठ कमी आहे म्हणाली ते! अन् मलेच काय झालं देव जाणे. त्या बाकड्यावर, साऱ्या लोकाइच्या देखत, मी अशी रडाले लागली का कंडक्टर गाडीतून वाकून पाहाले लागला. सूर नाई ना ताल नाई, नुसती भ्याऽऽ करून. बाजूची एक बाई म्हणाली, "अवं, हिले सांभाळा. लयच कच्च्या मनाची दिसते."

जमनाबाईनं तेलकट हातानंच माझा गळा धरला, डोकं आपल्या छातीशी दाबलं अन् त्या बाईले म्हणाली, "हो बाई, कच्चीच आहे. म्हणून तं जगन पोरगी माझी."