मागच्या सीटची खोळ

मी एक जुनी खोळ आहे, मित्रांनो. गादीची नाही, उशीची नाही, मोटारीच्या मागच्या सीटची. तुम्ही मला सीट कव्हर म्हणाल. म्हणा बापड्यांनो, मी रागावणार नाही. पण जिने मला शिवलं ती मला खोळच म्हणते, आणि आईने ठेवलेलं नाव मी का सोडू?

माझा निळा रंग आता विटला आहे. कडेचं इलॅस्टिक सैल पडलं आहे, एक बंद तर दोनदा तुटून पुन्हा शिवलेला आहे. तरीही मी ऐटीत आहे बरं का! कशाच्या जोरावर, ते सांगते.

आमच्या घरी मोटार आली ती कुणीतरी वापरलेली होती. पण आतल्या सीट सायीसारख्या पांढुरक्या आणि स्वच्छ. मोटारीचे मालक म्हणजे आमचे बाबा. त्यांचा जीव त्या सीटवर जडला. त्यांनी लगोलग दुकानातून रेक्झिनची कव्हरं आणून चढवली. पुढे उन्हाळा आला. बाबांची मुलगी भिंगरी मोटारीत बसली आणि किंचाळून उठली. पायांची कातडी रेक्झिनला चिकटली होती बिचारीची. हो, तिला सगळे भिंगरीच म्हणतात, कारण तिचा पाय एका जागी ठरत नाही.

"अहो, हे कव्हर आहे की तवा?" भिंगरीची आई म्हणाली.

"सवय होईल हळूहळू," बाबा म्हणाले.

"कोणाला? पोरीला की तव्याला?" हे बोलली आजी, म्हणजे बाबांची आई. "काढ ते आधी. मी खोळ शिवते."

"खोळ काय म्हणतेस आई? लोक हसतील. सीट कव्हर म्हण."

"गादीला घातली तर खोळ आणि सीटला घातली तर कव्हर होय! नाव बदललं म्हणून मळ बसायचा राहणारे का?"

आजीने आयुष्यभर लोकांचे पडदे आणि शाळेचे गणवेश शिवले होते. तिने जाड सुती कापड आणलं, आधी पाण्यातून काढलं, म्हणजे नंतर आटायला नको. मग मोटारीत गुडघे टेकून मापं घेतली. टेपचं दुसरं टोक भिंगरीच्या हातात. टोक दर वेळी निसटायचं आणि आजी दर वेळी म्हणायची, "सोडलंस? सोड, सोड, खोळ आखूड झाली तर तुलाच बसवीन उघड्या भागावर."

कापताना मात्र घोटाळा झाला. सीटबेल्टचं बकल वर यावं म्हणून माझ्यात काज ठेवायचं होतं. आजी कात्री चालवता चालवता नातीला गोष्ट सांगत होती. "तुझे बाबा आहेत ना, ते लहानपणी रोज गादी ओली करायचे. रोज! पहाटे उठून कोपऱ्यात उभे राहायचे, तोंड एवढंसं करून."

"आई, पुरे!" बाबा आतून ओरडले.

"पुरे काय? मी कधी रागावले का तुला? मी म्हणायचे, अरे वेड्या, खोळ कशाला घातलीय? मळायलाच ना! खोळ काढली, धुतली, वाळत टाकली. गादी आपली कोरडी ठणठणीत. रडायचं काय त्यात?"

भिंगरी पोट धरून हसली. आजीही हसली आणि कात्री भलतीकडेच चालली. कापड उलटं ठेवलेलं, त्यामुळे काज डावीकडे पडण्याऐवजी उजवीकडे पडलं. आजीने कपाळावर हात मारला. मग तिने डावीकडे नवं काज केलं आणि चुकलेल्या भोकावर हिरव्या कापडाचं एक पान लावून टाकलं. भिंगरीला वाटलं ती नक्षी आहे. बघणाऱ्यांनाही तसंच वाटायचं, आणि खरं सांगू, मलाही तो माझा दागिनाच वाटायचा.

मग सुरू झाली माझी नोकरी. काय काय सोसलं म्हणून सांगू! बिस्किटांचा चुरा, वितळलेलं चॉकलेट, पेनची शाई. वळणावळणाच्या रस्त्यावर एकदा भिंगरीचं पोट ढवळलं, ते सगळं माझ्यावरच. पण रविवार आला की माझं कौतुक व्हायचं. बाबा पायपुसणी बाहेर काढून आपटायचे, सीटच्या फटीतला कचरा कोरड्या ब्रशने काढायचे, मग ओलसर फडक्याने दारं आणि डॅशबोर्ड पुसायचे. मला आधी झटकायचे, मग गार पाण्यात बुडवायचे. साबण अगदी बेताचा. आजी खिडकीतून हुकूम सोडायची, "पिळू नकोस रे! नुसती दाबून पाणी काढ. आणि सावलीत टाक, उन्हात नको, रंग जाईल."

एकदा घाई झाली म्हणून बाबांनी मला दमट असतानाच चढवलं. पुढे कितीतरी दिवस मोटारीत कुबट वास येत होता आणि घरातले सगळे काचा खाली करून, नाकं बाहेर काढून प्रवास करत होते. त्यानंतर मी पूर्ण वाळल्याशिवाय बाबा मला हात लावत नसत.

पण मित्रांनो, अति तिथे माती. स्वच्छतेचं हळूहळू वेड झालं. मोटारीत खायचं नाही, प्यायचं नाही, पाय वर घ्यायचे नाहीत. मी मळू नये म्हणून बाबांनी माझ्यावर टॉवेल अंथरला. भिंगरीची आई म्हणाली, "आता टॉवेल मळू नये म्हणून वर काय घालणार? वर्तमानपत्र?" ती बोलली थट्टेने. पुढच्या रविवारी बाबांनी खरंच वर्तमानपत्र घातलं! आमच्यावर बसणारा माणूस हलला की कुरकुर कुरकुर आवाज यायचा. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तोच अवघडून बसलेला. मला तर अस्सा राग यायचा!

त्याच वर्षी आजी थकायला लागली. बोटं आखडली, पाय जड झाले. एके दिवशी बाबा तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. येताना रस्ता तुंबला. पुढे मोटारी, मागे मोटारी.

"अजून किती वेळ रे?" आजीने विचारलं.

"झालंच आई. तो सिग्नल सुटला की पोचलोच."

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं. का विचारते, हे ती बोलली नाही. ती पर्स गच्च धरून, ओठ मिटून बसली होती. सिग्नल काही सुटला नाही. आणि मग जे तिला थोपवता आलं नाही ते टॉवेल, वर्तमानपत्र सगळं ओलांडून माझ्यापर्यंत आलं. मी सगळं पोटात घेतलं, मित्रांनो. खाली सीटपर्यंत थेंब जाऊ दिला नाही. जिने मला जन्म दिला तिच्यासाठी एवढंही करू नये का?

घरी आल्यावर बाबा औषधं आणायला दुकानात गेले. आजीने टॉवेल आणि कागद गुंडाळून काढले आणि मला सोडवायला बसली. पण माझे बंद सीटच्या मागे, तिची बोटं वाकेनात. तिने ओढलं तशी सुरगाठ सुटायच्या ऐवजी निरगाठ बसली. मग तिने रुमाल ओला करून मला पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. माझ्यावर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं आणि मला साधं "असू दे गं" म्हणता येत नव्हतं.

सकाळी बाबांनी मोटारीचं दार उघडलं आणि त्यांचा हात ओल्या कापडावर पडला.

"भिंगरी! टॉवेल काढून पाणी सांडलंस ना? शंभरदा सांगितलं, मोटारीत बाटली उघडायची नाही! घाण करायची आणि वर बोलायचंही नाही!"

"मी नाही सांडलं बाबा. खरंच नाही!"

"मग काय मोटारीला घाम आला?"

आजी जिन्याच्या दारात उभी होती. तिने पदराचं टोक मुठीत धरलं. बाबा तणतणत वर गेले आणि एक जाड प्लास्टिकचा कागद आणून त्यांनी माझ्यावर कडेपर्यंत खोचला. त्यांच्या लेखी तो होता भिंगरीसाठी. पण आजीने बघितला आणि तिला वाटलं, मुलाला सगळं कळलंय. प्लास्टिक आपल्यासाठीच आहे.

त्या दिवसापासून आजी मोटारीत बसेना. कधी म्हणायची पाय दुखतात, कधी म्हणायची डोकं जड आहे. फिरायला नको, बाजारात नको. मी प्लास्टिकखाली घुसमटत होते आणि ती घरात.

तेवढ्यात तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती डोंगरापलीकडच्या गावात राहायची. आता ती आपल्या मुलीकडे, समुद्रापलीकडे, कायमची राहायला चालली होती. "पुढच्या आठवड्यात निघतेय. येतेस ना ताई?" ती म्हणाली. "नाहीतर तिकडे मी मेले तर विमानाने येणारेस का रडायला?"

"जीभ आहे की कात्री तुझी!" आजी म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "बघू. एवढा प्रवास झेपत नाही गं आता."

फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बसली. बाबांनी आर्जवं केली, भिंगरीच्या आईने केली. आजीचा एकच हेका, "मला नको. तुम्ही जा."

रविवारी बाबा मोटार धुवायला खाली आले. मनातून खट्टू होते. त्यांनी प्लास्टिक उचललं आणि नाक मुरडलं. मला काढायला हात मागे घातला तर बंद सुटेना. निरगाठ! त्यांनी वाकून बघितलं. आजी कधी निरगाठ मारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. सीटच्या फटीत तिचा रुमाल सापडला, वाळून कडक झालेला. त्यांनी मला सोडवलं, नाकाशी धरलं आणि तिथेच मोटारीच्या उंबऱ्यावर बसले.

भिंगरीची आई खाली आली. "काय झालं हो?"

"आईने एकटीने हिला सोडवायचा प्रयत्न केला होता," बाबा म्हणाले. "आणि मी वरून प्लास्टिक घातलं गं. तिच्या डोळ्यांदेखत!"

त्या दिवशी बाबांनी मला जसं धुतलं तसं कधी धुतलं नव्हतं. मी सावलीत वाळले. मग त्यांनी मला सीटवर चढवलं आणि वर जाऊन म्हणाले, "आई, जरा खाली येतेस? मला त्या खोळीचे बंद बांधता येत नाहीयेत."

"तुला कधी आलेत?" आजी म्हणाली. काम म्हटलं की तिला राहवत नाही. कठडा धरून धरून ती आली. टॉवेल नाही, कागद नाही, प्लास्टिक नाही, नुसती मी. ती दाराशीच थबकली. बाबा दुसऱ्या बाजूने आत शिरले आणि मागच्या सीटवर येऊन बसले.

"बस ना आई."

"इथूनच सांगते कसे बांधायचे."

बाबांनी माझ्या हिरव्या पानावर हात ठेवला. "हे पान कसं लागलं, आठवतं? तू माझी गोष्ट सांगत होतीस."

आजीने पानाकडे बघितलं.

"मी कोपऱ्यात उभा असायचो तेव्हा तू मला काय म्हणायचीस?"

"आठवत नाही मला."

"मला आठवतं. सांग ना आई. खोळ कशाला घातलीय?"

आजीने दाराची कड धरली. मग ती हळूच म्हणाली, "मळायला."

"मग?"

"मग काय! तू लहान होतास, मी म्हातारी आहे. मला लाज वाटते रे."

"मी पण लाजायचोच. तू लाजू दिलं नाहीस." बाबांनी डोळे पुसले. "ते प्लास्टिक तुझ्यासाठी नव्हतं आई, शपथ. मला काही कळलंच नव्हतं. भिंगरीवर उगाच ओरडलो, तिची पण माफी मागायचीय. आता बस. मावशी निघून जाईल. वाटेत म्हणशील तिथे मोटार थांबवीन."

"आणि नाही थांबली तर? परवासारखी?"

"नाही थांबली तर खोळ आहे की!"

आजी हसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. मग तिने आधी एक पाय आत घेतला, मग दुसरा, आणि माझ्यावर टेकली. मला माझ्या आईचं वजन कळलं, मित्रांनो. इतके दिवस त्याचीच वाट बघत होते मी.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगर ओलांडून गेलो. बाबांनी वाटेत इतक्या वेळा मोटार थांबवली की आजीच वैतागली. "अरे, बहीण विमानात बसेल तोवर! चल की पुढे!" धाकटी बहीण फाटकातच उभी होती. घरात जायचं सोडून ती सरळ मोटारीत घुसली आणि दोघी माझ्यावरच बसून बोलत राहिल्या. भिंगरीने बिस्किटांचा पुडा उघडला. चुरा पडला. बाबांनी आरशात बघितलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग मागे हात करून म्हणाले, "मला पण एक दे."

परत आल्यावर भिंगरीच्या आईने मशीनच्या सुईत दोरा ओवून दिला आणि आजीने माझ्यासारखीच दुसरी खोळ शिवली. आता आम्ही दोघी आहोत, एक सीटवर, एक दोरीवर. कुणाला काही विचारायला नको, सांगायला नको.

मित्रांनो, मोटार आतून जरूर स्वच्छ ठेवा. पायपुसणी झटका, फटीतला चुरा काढा. खोळ धुवा, पिळू नका, पूर्ण वाळल्याशिवाय चढवू नका. आम्हाला जपलंत तर आम्ही वर्षानुवर्षं साथ देऊ. पण मोटारीच्या उघड्या दाराशी घरचं कुणी संकोचून उभं राहिलेलं दिसलं, तर माझ्याकडे बघत बसू नका. त्याचा हात धरून आत घ्या आणि हसत हसत विचारा, "खोळ कशाला घातलीय?"