कानाजवळ

देवेशने वडिलांच्या चंचीतून श्रवणयंत्र बाहेर काढले तेव्हा त्याच्या चिमुकल्या नळीला चुना लागला होता. एका कप्प्यात सुपारी, एका कप्प्यात तंबाखू, आणि मधल्या कप्प्यात, अडकित्त्याला टेकून, हे.

"बाबा, चंचीत ठेवायची वस्तू हाय का ही?"

हे वाक्य त्याला दुसऱ्यांदा, ओरडून, म्हणावे लागले. धाकलूने मान वर केली.

"मग कुठं ठेवू? खिशात ठेवलं तर धुण्यात जाईल. चंची कोण धूत नाय."

"पण काढलंत कशाला?"

"शिट्टी मारतंय."

देवेशने रुमालाच्या टोकाने नळी पुसली, यंत्र वडिलांच्या कानामागे बसवले, फोनवर त्या यंत्राचे ॲप उघडले आणि थांबला. ओट्यासमोरच्या आंब्यावर कावळा ओरडला, तशी धाकलूने डोळे बारीक केले. म्हणजे ऐकू येत होते. शिट्टी मात्र नव्हती.

"आता मारतंय?"

"आता नाय."

"मग कधी मारतं?"

धाकलू अंगणाकडे बघत राहिला. "सांजचं," तो म्हणाला.

घड्याळ बघून शिट्टी मारणारे यंत्र देवेशच्या अनुभवात बसत नव्हते, आणि यंत्रांचा त्याला अनुभव होता. रसायनीच्या एका कारखान्यात दाब, तापमान आणि पातळी मोजणारी उपकरणे तपासण्याचे काम तो करी. खोटे बोलणाऱ्या काट्यांना खरे बोलायला लावणे, असे तो त्याचे वर्णन करी. उरलेल्या वेळात त्याला मते होती. मते असायला आजकाल भांडवल लागत नाही. पण देवेशने आपल्यापुरता एक नियम घातला होता आणि तो पाळला होता. वस्तू महिनाभर वापरल्याशिवाय तिच्याविषयी तो आपल्या व्हिडिओत तोंड उघडत नसे. ज्या काळात वस्तू खोक्यातून निघण्याआधी तिची स्तुती तयार असते आणि ती स्तुती करणाऱ्याला पुढची वस्तू फुकट मिळते, त्या काळात हा नियम जवळजवळ असभ्य होता. म्हणूनच असेल, त्याचे व्हिडिओ बघणारे थोडे होते आणि ते शेवटपर्यंत बघत.

फोनच्या खोक्यातून चार्जर काढून घेऊन त्याला पर्यावरणाचे प्रेम म्हणणाऱ्या कंपन्यांवर तो शांतपणे, आवाज न चढवता, दात ठेवून होता. दर अद्ययावतीकरणात नेहमीचे बटण दुसरीकडे नेऊन ठेवणाऱ्यांना तो रात्रीतून घराचा जिना हलवणारे गवंडी म्हणे. मराठी बोलणारी यंत्रे ऐकली की तहसील कचेरीची नोटीस कुणीतरी झोपेत वाचते आहे असे त्याला वाटे, आणि टीव्हीच्या रिमोटवरची अर्धी बटणे जाहिरातदारांनी भाड्याने घेतलेली आहेत हे तो पुराव्यानिशी सिद्ध करी. चौक गावच्या गॅरेजवाल्यांपासून मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या साहेबांपर्यंत लोक फोन घेण्याआधी त्याला विचारत. या सगळ्या मतांच्या तळाशी त्याचे एकच सूत्र होते, आणि जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत ते येई: "चांगलं यंत्र ते, जे आहे हे माणूस विसरतो. दोन माणसांच्या मधे येऊन बसतं ते यंत्र नाही, तो न बोलावलेला पाहुणा."

भाविका, त्याची बायको, फोन हातात धरून हे सारे चित्रित करी. त्याची पहिली प्रेक्षक तीच, आणि सर्वांत निर्दयही.

श्रवणयंत्र आणण्याला कारण घडले होते ते जुन्या हायवेवर. धाकलू चहासाठी रोज सकाळी चौकच्या नाक्यावर चालत जाई. एकदा मागून टेंपो हॉर्न वाजवत आला आणि धाकलू रस्त्याच्या मधूनच, शेताच्या बांधावरून चालावे तसा, चालत राहिला. टेंपोवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि आईबहीण काढली. धाकलूला ती शिवीही ऐकू गेली नाही. ती ऐकली मागून मोटारसायकलवर येणाऱ्या देवेशने. त्याच आठवड्यात त्याने वडिलांचे कान तपासून घेतले, आणि यंत्र आले. त्याबरोबर यंत्राची चार्जिंगची डबीही आली. देवेशने वडिलांना ती शिकवली: दिवा लुकलुकतो म्हणजे चार्ज होतंय, हिरवा होऊन थांबला म्हणजे पोट भरलं.

"पोट भरलं," धाकलूने धडा म्हणावा तसे म्हटले होते.

त्याआधी काही वर्षे धाकलूचे ऐकणे त्याच्या बायकोच्या, सोनाबाईच्या हाती होते. बहिरेपण हळूहळू आले. सुरुवातीला ती उंबऱ्याच्या आतून मोठ्याने सांगे, आणि घरातली प्रत्येक गोष्ट धाकलूच्या आधी आळीला कळे. मग ती ओट्यावर आली. मग त्याच्या शेजारी बसली. डाव्या कानापाशी हाताचा आडोसा धरून, आवाज खाली आणून, ती दिवसभरात जे घडले ते सांगू लागली. त्यांच्या पिढीत नवरा ओट्यावर आणि बायको उंबऱ्याच्या आत, हा हिशोब कुणी लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हते. नवऱ्याचे नाव सोनाबाईने आजवर उच्चारले नव्हते. पण बहिऱ्या माणसाला सांगायचे तर जवळ बसावेच लागते. ती सेवा होती. सेवेला गाव नाव ठेवत नाही. रोज सांजेला, दिवे लागायच्या सुमाराला, दोघे खांद्याला खांदा लावून बसत आणि येणारेजाणारे त्यांच्यासमोरून, काहीच न बघितल्यासारखे, निघून जात.

यंत्र आल्यावर सोनाबाई पुन्हा आत बसू लागली. चुलीपाशी बसून ती हाक मारी आणि ओट्यावरून धाकलू उत्तर देई. देवेशला हे यश वाटले.

"आई हल्ली आतच असतात," भाविका एकदा म्हणाली.

"मग! आतनंच ऐकू येतंय ना!"

भाविकाने त्याच्याकडे पाहिले.

आता प्रश्न शिट्टीचा होता. महिना पुरा होत आला होता. घरात ऐकू न येणारे आईवडील असलेले कितीतरी प्रेक्षक या व्हिडिओची वाट बघत होते. देवेशने ॲपमधून आवाज दोन घरे खाली आणला. कानातली रबरी टोपी बदलली. धाकलूला पंख्याखाली बसवले, टीव्हीसमोर बसवले, चालायला लावले. शिट्टी आली नाही. सांज झाली की यंत्र मात्र चंचीत सापडे.

"उगाच त्रास देतोयस म्हाताऱ्याला," भाविका म्हणाली. "त्यांना आवडत नसेल."

"न आवडण्यालाही कारण असतं. मला कारण पाहिजे."

"कारखान्यातला काटा नाय तो. तुझे वडील हायेत."

कंपनीच्या मदतकेंद्रातल्या यांत्रिक बाईने त्याच्या तक्रारीबद्दल दिलगिरी व्यक्त केली, त्याच्या संयमाचे कौतुक केले आणि त्याला एक छापील उत्तर पाठवले. हात, उशी, टोपी किंवा अन्य वस्तू यंत्राच्या अगदी जवळ आल्यास शिट्टी येऊ शकते. हा दोष नव्हे.

देवेश ते घेऊन ओट्यावर आला. आत सोनाबाई तांदळाची भाकरी थापत होती.

"बाबा, टोपी घाला. खाली ओढा अजून. आली शिट्टी?"

"नाय."

"सांजचं उशीला टेकून पडता का?"

"सांजचा झोपायला मी काय आजारी हाय?"

"मग कानाजवळ येतं काय?"

धाकलूने चंचीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. आत भाकरीची थाप मधेच थांबली.

"काय नाय रं येत," तो म्हणाला. "सोड ना आता."

थाप पुन्हा सुरू झाली, जरा घाईने.

दुसऱ्या दिवशी देवेश पहिली पाळी करून आला आणि सांजेला ओट्याच्या आतल्या पडवीत, जाळीच्या खिडकीमागे, ॲप उघडून बसला. त्याला शिट्टी पकडायची होती. याहून खोल हेतू त्याच्या मनात नव्हता. बाहेर धाकलू यंत्र लावून बसला होता. थोड्या वेळाने सोनाबाई भिजवून मोड आणलेल्या वालाची थाळी घेऊन आली आणि उंबऱ्यात टेकली. ती बिरडे सोलू लागली. एक दाणा, दुसरा दाणा. साल एका बाजूला, डाळिंबी दुसऱ्या. तिने आळीच्या एका टोकाला पाहिले, मग दुसऱ्या टोकाला. कुणी नव्हते. ती उठली, थाळी उचलली आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली. धाकलू तिच्याकडे न बघता किंचित सरकला, जागा करून दिली आणि थाळीतला एक वाल उचलून सोलू लागला.

तिने ओला हात पदराला पुसला, त्याच्या कानाशी आडोसा धरला आणि वाकली.

यंत्राने शिट्टी मारली. बारीक, लांबत जाणारी.

सोनाबाईने तव्याला लागावा तसा हात मागे घेतला. त्याच वेळी आळीतली जनी कोपऱ्यावरून आली, डोक्यावर सरपणाची मोळी, आणि थांबली.

"काय गं सोनाबाय! मशीन आलं तरी अजून कानातच? लांबनं ऐकू येतंय की आता त्यांना! का म्हातारपणी लाज सोडलीस?"

ती मनापासून हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हते. पण सोनाबाईने पदर डोक्यावर ओढला, थाळी उचलली आणि ती आत निघून गेली. जनी शेजारच्या दगडी गडग्याला मोळी टेकवून दम खात उभी राहिली. क्षणभराने चुलीपासून हाक आली:

"पारूच्या दिराला मोहोपाड्यात नोकरी लागली म्हणं."

"हं," धाकलू म्हणाला.

बातमी पोचली होती. एका वाक्यात, अडथळ्याविना, अक्षर न अक्षर. तंत्राच्या दृष्टीने तिच्यात सुधारणेला जागा नव्हती. पूर्वी या बातमीला दिवेलागणीपासून जेवणापर्यंत वेळ लागला असता. तिच्यात पारूची सासू आली असती, त्या दिराचे मोडलेले लग्न आले असते, मधे कुठेतरी दोघे हसले असते.

धाकलूने दोन बोटांनी यंत्र काढले. चंची उघडली.

देवेश जाळीमागे बसून होता. त्याच्या हातातल्या ॲपवर बॅटरीची हिरवी पट्टी जवळजवळ पूर्ण भरलेली होती. त्याने ती पाहिली, आणि मग वडिलांचे खाली वळलेले डोके पाहिले. छापील उत्तरातली 'अन्य वस्तू' कोणती, हे त्याला कळले होते.

तो उठून ओट्यावर आला. वडिलांच्या बोटांतून त्याने यंत्र घेतले आणि गडग्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"जनीकाकी, कसलं मशीन नि कसलं काय! बॅटरी एकदम फुसकी निघाली. दिवसभर चालतं आणि सांजचं मान टाकतं. रोज या टायमाला चार्जिंगला लावावंच लागणार."

"आगं बाय!" जनीला झालेला आनंद तिला लपवता आला नाही. "आणि तू जगाला शिकवतोस रं, हे घ्या नि ते नको!"

"फसलो काकी."

हा शब्द त्याने आजवर कॅमेऱ्यासमोर किंवा कॅमेऱ्यामागे स्वतःसाठी वापरला नव्हता. उद्या दुपारपर्यंत तो चौकच्या नाक्यावर पोचणार हे त्याला माहीत होते.

"मग सांजचं यांना काय सांगायचं तर?" आतून सोनाबाईचा आवाज आला, जरा उशिराने.

"आधी सांगायचीस तसंच सांग, आई. इलाज नाय."

"जा गं बाय, जा," जनीने मोळी पुन्हा डोक्यावर घेतली. "तुझी ड्युटी काय सुटत नाय."

देवेशने यंत्र डबीत ठेवले आणि डबी ओट्यावरच्या कोनाड्यात, बटणाजवळ लावून दिली. भाविका दारात उभी होती.

"दोन दिवस टिकते म्हणाला होतास," ती हळू म्हणाली.

"म्हणालो होतो."

"मग व्हिडिओत?"

"व्हिडिओत दोन दिवस टिकते."

भाविकाने ओठ दाबले आणि सासूला वाट देण्यासाठी ती बाजूला झाली. सोनाबाई थाळी घेऊन बाहेर आली. या वेळी तिने आळीची टोके पाहिली नाहीत. ती बसली, थाळी दोघांच्या मधे ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली आणि जवळ सरकली. कानाशी आडोसा धरून ती बोलू लागली. काय, ते पडवीपर्यंत ऐकू येत नव्हते. धाकलूचे खांदे हलले. तो हसत होता.

कोनाड्यातला दिवा दोन-चार वेळा लुकलुकला आणि हिरवा होऊन थांबला.

सोनाबाईची पाठ कोनाड्याकडे होती. धाकलूचे तोंड त्याच्याकडे होते. बायकोचे बोलणे चालू असतानाच त्याने, मान न हलवता, डोक्यावरची टोपी काढली, हात लांब केला आणि ती डबीवर ठेवली.