सगळ्यायनं भाडं देल्लं

आमच्या ह्यायले 'नाही' म्हनता येत नाही. लग्न झालं तवापासून पाहून राह्यली मी. कोनी ट्रॅक्टर मांगतला की हे भरल्या ताटावरून उठते, अन् मांगतला नाही तरी उठते. रुपीबाईचं वावर नांगरून देते, उत्तमसिंगच्या खताची ट्रॉली आनून देते. डिझेल आमचं, टायर आमचे, रात्री दुखनारी कंबर बी आमचीच. म्या म्हनलं, "अहो, सारी दुनिया भाडं घेते, तुमाले काय धाड भरली?" तं हे मिशीतल्या मिशीत हासते, टोपी घालते अन् बाहेर निंगते. अशा मानसाशी भांडन बी धड होत नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी आभाळ भरून आलं. आमच्या धुऱ्याच्या पलीकडं धावजी राठोडचं वावर. त्याचं सोयाबीन पोत्यात भरून तसंच उघड्यावर पडलं होतं. हे गेले, पोते ट्रॉलीत टाकले अन् त्याच्या बंजारा तांड्याकडं निंगाले. रस्त्यात बाबारावचं घर लागते. बाबाराव म्हनजे आमचा माजी सरपंच. त्यानं घरापुढं, अगदी रस्त्याले खेटून, सिमेंटची कमान बांधली. वर सोताचं नाव, दोन बाजूले दोन सिंह. सिंह म्हनाचं म्हनून म्हनाचं, मले तं ते झोपेतून उठवलेले बोके वाटत.

समोरून म्हशी आल्या. ह्यायनं ट्रॅक्टर बाजूले घेतला, ट्रॉलीचा कोपरा खांबाले लागला, अन् कमान धाडकन खाली आली. तेबी कुठं? बाबारावच्या पोराच्या नव्याकोऱ्या गाडीवर! गाडीत कोनी नव्हतं, देवाची कृपा. टपावर एक सिंह आडवा पडला होता अन् त्याच्यापुढं बाबाराव उभा राहून बोंबलत होता. "सगळं भरून दे, वामनराव! नाहीतं ट्रॅक्टर आनून माह्या आंगनात उभा कर!"

त्याले पैसे नको होते, मले माहीत हाय. आमच्या ट्रॅक्टरवर त्याचा कवापासून डोळा होता. मी त्या ट्रॅक्टरले कितीही शिव्या देल्ल्या, तरी दसऱ्याले त्याले हार मीच घालते. तो गेला तं आमची पेरनी गेली, अन् हे तं घरात बसून चार दिवसात खंगून जातीन.

विमा होता, तेवढाच आधार. दारव्ह्याच्या एजंटनं समजावून सांगतलं, "ट्रॅक्टरनं दुसऱ्याचं नुकसान झालं तं कंपनी भरते. पन तो शेतीच्या कामाले पाहिजे, भाड्यानं चालवलेला नको. भाडं घेतलं असं दिसलं की कंपनी हात वर करते."

मी तं हासलीच. भाडं? आमी? उभ्या जन्मात पयल्यांदा ह्यायच्या भोळेपनाचा काही उपयोग होनार होता.

कंपनीची तपासनीवाली यवतमाळवरून स्कूटीवर आली. समीक्षा मॅडम. पोरगी गोड बोलनारी, पन डोळ्यायनं सगळं टिपत होती. मी पोह्याचं इचारलं तं ती म्हने, "मावशी, आधी गावात चार जणांना विचारून येते."

"चार कायले? साऱ्या गावाले इचारा!" म्या म्हनलं. ह्याच तोंडानं म्हनलं, जळो ते.

थोड्या वेळानं ती परत आली तं तिचा चेहरा पडलेला. "मावशी, सगळे म्हणतात भाडं दिलं. रुपीबाई म्हणाल्या, मी कोणाचं फुकट खात नाही, नांगरलं त्याच दिवशी पैसे दिले. उत्तमसिंग म्हणाले, मी तर आगाऊच देतो."

मी पोहे चुलीवर तसेच सोडून बाहेर आली. आता तुमीच सांगा, असं गाव कुठं पाह्यलं का? पन त्यायचं बी बरोबर हाय म्हना. शहरातून एक अनोळखी पोरगी येते, पेन उघडते अन् तोंडावर इचारते की तुमी फुकट काम करून घेतलं काय. तिच्यापुढं कोन 'हाव' म्हनन? साऱ्यायची इज्जत एकाच सकाळी जागी झाली. त्या अटीचं त्यायले कुठं माहीत!

तेवढ्यात तेच लोक तिच्या मांगंमांगं आमच्या आंगनात आले, तमाशा पाहाले. बाबाराव तं सगळ्यायच्या पुढं. धावजीभाऊ बी आला, संगं त्याची हंसाबाई. पांढरा फेटा, ताठ मान. तांड्यात त्याच्या शब्दाले वजन हाय.

मॅडमनं इचारलं, "त्या दिवशी सोयाबीन तुमचंच होतं ना? ट्रॅक्टरचं भाडं दिलं होतं का?"

"बोल ना धावजी," बाबाराव खोचून म्हने, "का फुकटच आनलं?"

झालं. धावजीभाऊची मान आनखीन ताठ झाली. "धावजी राठोड कोनाचं फुकट घेत नसते. रोख देल्लं म्या."

"मंग संपलं!" बाबारावनं टाळीच वाजवली. "वामनराव, आन ट्रॅक्टर."

म्या म्हनलं, "थांबा. देल्लं म्हन्ता, तं कोनाच्या हातात देल्लं?"

सगळे एकमेकाकडं पाहाले लागले. मंग रुपीबाई हळूच म्हने, "वामनरावच्या." उत्तमसिंगनं मान हालवली. धावजीभाऊनं बी हालवली.

मी ह्यायच्याकडं वळली. खरं सांगते, त्या घडीले मले सगळं खरंच वाटलं. माह्या डोक्यात जाळ झाला. "इतक्या वर्साचं भाडं! अन् मी पोराच्या शाळेच्या बुटासाठी तुमच्यापुढं नाक घासत होती! कुठं गेले पैसे? कोनाले नेऊन देल्ले? कोन हाय ते सटवी?"

हे टोपी हातात घेऊन उभे. तोंड उघडलं तं काय म्हनावं ह्या मानसानं? "अवं, पोहे करपून राह्यले."

"करपू द्या! घर जळू द्या!" मी आत गेली, दोन लुगडे पिशवीत कोंबले अन् बाहेर आली. "मी चालली केळापूरले, माह्या भावाकडं. आता घ्या भाडं अन् करा संसार!"

अन् मी खरंच चालली होती बरं. नाटक नव्हतं ते.

रुपीबाई आडवी आली. "अवं शकू, थांब माय! म्या नाही देल्ले. मले लाज वाटली म्हनून बोलली."

उत्तमसिंग जमिनीकडं पाहत म्हने, "म्या बी नाही. आगाऊ बी नाही अन् मांगून बी नाही."

राह्यला धावजीभाऊ. कमान पडली ते त्याच्याच पोत्यायपायी, म्हनजे त्याच्याच शब्दावर सारं अडलेलं. तो फेटाच सावरत राह्यला. मी फाटकापाशी पोचली. तवा हंसाबाई त्यायच्या बोलीत त्याले काहीतरी बोलली, मले समजलं नाही, पन त्याची मान खाली गेली.

"वयनी, परत या," तो म्हने. "म्या एक पैसा नाही देल्ला."

"मंग फुकटच ना!" बाबाराव हासला.

मॅडमनं त्याच्याकडं पाह्यलंच नाही. "मग काका, ट्रॅक्टर मागितला कसा तुम्ही?"

"मांगतला कुठं?" धावजीभाऊ म्हने. "मले मांगता येत नाही, मॅडम. जीव गेला तरी येत नाही. आभाळ पाहत मी पोत्यायपाशी बसून होतो. हा मानूस सोताहून ट्रॅक्टर घेऊन आला. म्हने, मले तिकडं जायाचंच हाय. त्याले कोनतं काम होतं तिकडं? तिकडं फक्त आमचा तांडा हाय."

ह्यायनं टोपी डोक्यावर घातली अन् भलतीकडंच पाहाले लागले. ज्याले मी रोज बावळट म्हनते त्याचा मले त्या घडीले लय अभिमान वाटला. अन् धावजीभाऊसाठी लय वाईट वाटलं. आमच्या ट्रॅक्टरपायी त्या ताठ मानसानं साऱ्या गावासमोर मान खाली घातली होती.

मॅडमनं लिहून घेतलं, शेजारी म्हनून मदत, भाडे नाही. कंपनी भरन म्हने. बाबाराव पाय आपटत निंगून गेला.

"माफ करा, धावजीभाऊ," म्या म्हनलं.

"माफी नको, वयनी. आता चार गावात बोभाटा होईन, धावजी फुकट्या हाय. एक करा, आज दोघं तांड्यावर जेवाले या. हंसा कोंबडं करन. नाही म्हनू नका."

मी 'येतो' म्हननारच होती, तं मनात पाल चुकचुकली. ट्रॅक्टर आत्ता कुठं वाचला होता. मी घाबरत घाबरत इचारलं, "मॅडम, जेवलं तं कंपनी भाड्यात धरते काय?"

मॅडम तोंड उघडाच्या आधी धावजीभाऊच पुढं झाला. त्याची मान पुन्हा वर आली होती. "धरू द्या ना, वयनी! काहीतरी देल्लं असं होईन तं! लिहा मॅडम, धावजी राठोड, एक कोंबडं!"

मी पिशवी फेकली अन् त्याच्यावर ओरडली, "चूप बसा, भाऊ! तुमी काहीच देल्लं नाही, अन् मॅडमची स्कूटी गावाबाहेर जाईपर्यंत काही देऊ बी नका!"