पहिल्या गल्लीतलं घर

मित्रांनो, मी बाळांच्या संगोपनाचं एक जुनं पुस्तक आहे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात राहतो. इथं आलो तेव्हा ग्रंथपाल जोतीराम सरांनी माझ्या पाठीवर खळ लावून चिठ्ठी चिकटवली: ६४९.१२२. तोच माझा पत्ता.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. नव्यानं आई झालेल्या विद्यार्थिनी मला घरी न्यायच्या. पानांना दुधाचे, हळदीच्या बोटांचे डाग पडले. तापाच्या पानाचा कोपरा तर दुमडून दुमडून मऊ झाला.

मग एकदा सयाजी नावाच्या विद्यार्थ्यानं मला चाळलं आणि परत ठेवायला तो स्वतःच उठला. मुलगा भला, सरांना त्रास नको, एवढंच त्याच्या मनात. पण टिंबापुढचा आकडा त्यानं एकशेबावीस असा वाचला. एकशेबावीस तीनपेक्षा मोठे, आठपेक्षाही मोठे. म्हणून ६४९.३ आणि ६४९.८ यांच्याही पुढं, पार खालच्या फळीवर, टायपिंगच्या पुस्तकांना खेटून त्यानं मला बसवलं.

तिथं मला विचारणारं कुणी नव्हतं. टायपिंग शिकणारे यायचे, शेजाऱ्याला उचलायचे, मी कलंडायचो. कुणी सरळही करत नसे.

एका दुपारी मेहमुदा आली. बीएचं शेवटचं वर्ष आणि पहिलंच बाळ. पदराला वेखंडाचा वास.

"सर, बाळ सारखं ओकतंय. सासूबाई म्हणत्यात, दृष्ट लागलीया. पुस्तकात बघू म्हटलं. यादीच्या खणात कार्ड हाय, पण फळीवर पुस्तक न्हाय."

"कार्ड हाय म्हणजे पुस्तक हाय की!" सरांनी वरच्या फळ्या धुंडाळल्या. मग हळूच म्हणाले, "गेलं वाटतं कुणाच्या पिशवीतनं."

मेहमुदा माझ्याच वरच्या फळीला हात टेकून उभी होती. मला हाक मारता येत नव्हती. ती गेली. त्यानंतर दार वाजलं की मला एकच वाटे, त्या बाळाचं काय झालं असेल?

सरांच्याही मनाला ते लागलं. चोरीला नव्हे, कुणी चुकीच्या जागी ठेवलं असेल, असं त्यांना वाटू लागलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी विद्यार्थ्यांना फळ्यांपुढं उभं केलं. मागं मेहमुदा होती, चेहरा उतरलेला.

"शाहूपुरीत घर कसं शोधता रं? आधी गल्ली, मग घर. टिंबानंतरचा पहिला आकडा म्हणजे गल्ली. ६४९.१२२ पहिल्या गल्लीतलं. तिसऱ्या गल्लीच्या आधी येणार का नंतर?"

"आधी!"

"मग नंबर लांबलचक दिसला म्हणून त्या पावण्याला आठव्या गल्लीच्या पलीकडं नेऊन सोडणार काय?"

सगळे हसले. सयाजी हसला नाही. तो खाली वाकला आणि त्यानं मला बाहेर ओढलं.

"सर, मीच ठेवलंवतं. एकशेबावीस वाटलं मला."

मेहमुदानं मला हातात घेतलं, पदरानं धूळ पुसली आणि उलटीचं पान काढलं. वाचता वाचता तिचे ओठ हलत होते.

"बाळ कसं हाय गं?" सरांनी भीत भीत विचारलं.

"बरं हाय आता. दवाखान्यात सलाईन लावलं. पण तवर मी नुसती त्याच्या तोंडाकडं बघत बसलेली, सर."

"मग घिऊन जा की आता," सयाजी म्हणाला.

"आता कशाला? आता दुसऱ्या कुणाला लागंल." तिनं एकेका आकड्यावर बोट ठेवत मला पहिल्या गल्लीत नेऊन उभं केलं.

मित्रांनो, माझी जागा नक्की ठाऊक नसेल तर मला टेबलावरच सोडून जा. टेबलावरचं पुस्तक सर उचलतात. चुकीच्या फळीवरचं मात्र तिथंच उभं राहतं, आणि त्याच्या डोक्यावरच्या फळीला हात टेकून एखादी आई रिकाम्या हातानं घरी जाते.